देठाच्या सावलीतली गाठ

सोमवारी सकाळी चिपेरोनी वाऱ्याच्या धुक्याने झोम्बाचा डोंगर कमरेपर्यंत गिळला होता, आणि वनस्पतींच्या संग्रहालयाच्या मागच्या दालनात दिवे लावूनच काम चाललं होतं. एनेलेसी काफुम्बा एका जाड देठाला कागदावर बसवत होती. पलीकडच्या टेबलाशी नवी मुलगी, मिस म्सोसा, पाठमोरी बसून काहीतरी शिवत होती. गुणगुणत होती. एनेलेसीचं तिकडे लक्ष नव्हतं. मग एकाएकी होतं. सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब कागदावर पडू नये म्हणून तिने बोट तोंडात धरलं आणि तशीच ऐकत राहिली. खालून ये, वळून ये. शब्द नव्हते, नुसती चाल होती. पण शब्द एनेलेसीला ठाऊक होते. देठाच्या सावलीत बस गं बाई. ओढ एकदा, सोड एकदा. हे गाणं जगात दोनच माणसांना येत होतं. त्यांतलं एक अकरा वर्षांपूर्वी लिलाँग्वेच्या मातीत गेलं होतं, आणि दुसरं इथे तोंडात बोट घालून बसलं होतं. एनेलेसी मोठ्याने खोकली. दुसऱ्या ओळीवरच गुणगुणणं थांबलं. "पाणी देऊ का, अमायी?" मुलगी वळून म्हणाली. "नको. धुकं गेलं घशात," एनेलेसी म्हणाली.

दुपारी मुलगी हात धुवायला गेली तेव्हा एनेलेसीने तिच्या टेबलावरचं शीट उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. वाळलेली वनस्पती कागदावर बसवताना पातळ फांद्यांना गोंद पुरतो, जाड देठ मात्र दोऱ्याने बांधावा लागतो. शिकलेसवरलेले सगळे गाठ कागदाच्या पाठीवर मारतात आणि वर कागदाचा तुकडा चिकटवतात. कपाटात शीटवर शीट पडतं, पाठीवरची गाठ खालच्या फुलाला घासत राहते. वर्षाला एक पाकळी, दहा वर्षांत फूल. एनेलेसीला हे काम शिकवणाऱ्या अमायी नाचिसाले यांची गाठ पाठीवर नव्हती. दोऱ्याची दोन्ही टोकं खालून वर यायची, देठाच्या पोटाखाली एकमेकांना भेटायची, आणि तिथे, देठ आणि कागद यांच्या मधल्या त्या केसभर सावलीत, गाठ बसायची. पुढून दिसत नाही, मागून लागत नाही. "हे मी तुझ्याखेरीज कुणाला दाखवलेलं नाही गं," असं अमायी नाचिसाले एनेलेसीच्या कानाशी म्हणाल्या होत्या, तेव्हा एनेलेसी पंचवीस वर्षांची होती, आणि दालनात दुसरं कुणी नव्हतं तरी त्या कुजबुजल्या होत्या. त्या कुजबुजीवर एनेलेसी एकोणतीस वर्षं जगली होती. नवऱ्याच्या पश्चात, लेक ब्लँटायरला गेल्यावर, गुडघे बोलू लागल्यावरही. आता भिंगाखाली ती गाठ बसलेली होती. आणि चांगली बसली होती. हेच जास्त लागलं. वाईट बसली असती तर एनेलेसीने तिला माफ केलं असतं, शिकवलंही असतं.

तसं पाहिलं तर त्या संग्रहात एनेलेसीचं असं काय होतं? नाव तर कुठेच नव्हतं. लेबलावर नाव असायचं ते वनस्पती गोळा करणाऱ्याचं. सर्वांत जुनी शीटं कुणा गोऱ्या वनअधिकाऱ्याची होती. पत्र्याच्या खोलीत, बिस्किटांच्या डब्यांत त्याने हा संग्रह सुरू केला. त्याच्या लेबलांवर त्याचं नाव आणि पुढे बारीक अक्षरांत 'आणि मंडळी'. मंडळी म्हणजे ओझं वाहणारे, झाडाला नाव ठाऊक असणारे, त्याला साप दाखवणारे. त्या काळची शीटं विषाच्या पाण्यात बुडवून काढलेली, कोपऱ्यात लाल शिक्का. कीड लागू नये म्हणून. कीड लागली नाहीच. ज्यांनी बुडवली त्यांचे हात मात्र म्हातारपणी थरथरायला लागले. आता विष बंद झालं. नवं शीट तीन दिवस गोठवण्याच्या पेटीत ठेवायचं, की किडा मरतो. वीज गेली की किडा उठतो आणि तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. एनेलेसी ते मोजायची. कापराच्या गोळ्या बदलायची, कपाटांच्या फटी पुसायची. एकाही शीटवर तिचं नाव नव्हतं, पण साडेसहा हजार देठांच्या सावलीत तिची गाठ होती, आणि ती गाठ फक्त तिची होती. म्हणजे आज सकाळपर्यंत होती.

अमायी नाचिसाले या कामाला लागल्या ती गोष्ट चर्चमध्ये अजून सांगतात. एका वादळात संग्रहाचं छप्पर उडालं. चार हजार शीटं भिजली. तेव्हाचे अबुसा, म्हणजे पाद्रीबाबा, धावत आले आणि म्हणाले, आणा सगळं चर्चमध्ये, छप्पर देवाचं आहे, ते गळत नाही. बाकांवर, पायऱ्यांवर, वेदीपाशी वनस्पती वाळत टाकल्या. लाल रुमालांच्या महिला मंडळाने चार दिवस वर्तमानपत्रं बदलली. रविवार आला तरी बाकं मोकळी नव्हती. मंडळी उभी राहिली, आणि अबुसांनी वनस्पतींवरच निरूपण केलं, गात गात, एक वाक्य बोलून दोन ओळी गाऊन, जसं इथे करतात. अजूनही त्या चर्चच्या जुन्या गीतपुस्तकांत एखादं चपटं पान सापडतं. पाचव्या दिवशी बायका घरी गेल्या. नाचिसाले गेल्या नाहीत. "एवढ्यांना उताणं-पालथं केलंय मी," त्या म्हणाल्या, "आता सोडून जाऊ कशी?" ही गोष्ट सांगताना त्यांचे खांदे हसत, आणि एनेलेसीला वाटे, ही गोष्ट त्या फक्त मला सांगताहेत. माणसाने एखाद्याकडे असं पाहावं की त्याला वाटावं, या खोलीत मी एकटाच आहे, ही नाचिसालेंची हातोटी होती. चर्चमध्ये त्या निरूपणाच्या मध्येच उठून गाणं उचलत. 'माझ्या ताटात पाहा, प्रभू, माझ्या ताटात पाहा.' अबुसा थांबत. कुणाची बिशाद होती न थांबण्याची?

बुधवार गेला. एनेलेसीने काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मान्य करायचं की विचारण्यासारखं काही आहे. ती नुसती पाहत होती. मुलीच्या बोटांकडे, तिच्या कानाच्या पाळीकडे, चितेंजेच्या कापडाचा गोंदाने माखलेला पदर ती कशी खोचते याकडे. संग्रहाचे प्रमुख, वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर मातेम्बा येता-जाता तिच्या टेबलापाशी थांबत, "वा, मिस म्सोसा, स्वच्छ काम," म्हणत. एनेलेसीला एकोणतीस वर्षांत कुणी स्वच्छ म्हटलं नव्हतं; ती स्वच्छ असणारच, फरशी सपाट असते तशी. मुलीची नेमणूक अजून कच्ची होती. पुढच्या बुधवारी तीन महिने भरत होते आणि तिला ठेवायचं की परत पाठवायचं याचा कागद एनेलेसीच्या खणात पडून होता. ज्येष्ठ म्हणून शेरा तिचा. एनेलेसी पुढच्या वर्षी निवृत्त होणार. तोवर हाताखाली कुणी तयार झालं नाही तर ते टेबल रिकामं राहणार. आणि रिकामं टेबल पाहून तिला, देवा क्षमा कर, बरं वाटत होतं.

गुरुवारी डॉक्टर मातेम्बांनी मुलांजे डोंगराच्या उतारावरून आणलेली झुडपं बसवायची होती. प्रत्येक झुडूप आपापल्या वर्तमानपत्राच्या घडीत, प्रत्येक घडीवर आकडा. सत्त्याऐंशी क्रमांकाला पानं आणि फुलं होती, फळ नव्हतं. एक्याण्णवला फळं होती, पाच पातळ पंखांची, कागदी भिंगऱ्यांसारखी. मुलीने दोन्ही घड्या शेजारी-शेजारी उघडल्या. तसं करू नये. टेबलावर एका वेळी एकच उघडं, हा पहिला धडा. एनेलेसी बोलणार होती, तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. तिने तो खांदा आणि गालात धरला. "हो आई. हो गं, तमाच बोलतेय, दुसरी कोण उचलणार? तमा, तमा, तमा. ऐकू येतंय का?"

तमा. मुलीचं नाव तमांदानी, हे एनेलेसीला कागदावरून ठाऊक होतं, पण इथे सगळे तिला मिस म्सोसा म्हणत. अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार. लिलाँग्वेची ती उन्हाने पांढरी पडलेली गल्ली, मधाची बाटली हातात, अमायी नाचिसालेंच्या मुलाच्या घराचं निळं दार. आत चटईवर त्या बसलेल्या, केवढ्याशा झालेल्या. हात मांडीवर ठेवलेले, आणि मांडीवर ठेवूनही थरथरणारे. एनेलेसी दारातून वाकली. उजेड तिच्या पाठीमागे होता. म्हातारीने डोळे बारीक केले आणि तिचं सगळं तोंड उजळलं, तसं उजळलेलं तोंड एनेलेसीने स्वतःसाठी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती म्हणाली, "आलीस का गं, तमा?" एनेलेसी तासभर बसली. मध दिला. परत कधी गेली नाही. बसचं भाडं, गुडघे, काम. म्हातारीचं चित्त ठिकाणावर नव्हतं, तमा नावाचं कुणी नव्हतंच, असं तिने ठरवून टाकलं होतं; माणूस जसं रात्री खिडकीत दिसलेलं काही, ती फांदी होती, असं ठरवून झोपतो. आता ती फांदी समोर बसून आईशी फोनवर बोलत होती.

आणि त्याच क्षणी एक्याण्णवच्या घडीतून एक फळ निसटलं. भिरभिरत टेबलावर आलं. मुलीने बोलता बोलता ते दोन बोटांनी उचललं आणि गळालेले तुकडे ठेवायच्या कागदी पुडीत टाकलं. सत्त्याऐंशीच्या पुडीत. पुडीच्या चार घड्या घातल्या, सत्त्याऐंशीच्या शीटवर चिकटवली, आणि म्हणाली, "ठेवते आई, काम आहे."

एनेलेसीने तोंड उघडलं. 'अगं, चुकलीस' एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड मिटलं. कापराची एक गोळी उचलून नव्या पुडीत घातली आणि दुसरी शोधू लागली. पाप असं असतं, हे तिला त्या रात्री कळलं. हात वर करून मारण्यात नसतं. हात खाली ठेवण्यात असतं. पण गुरुवारी दुपारी तिला एवढंच वाटलं की आपण काही केलेलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर मातेम्बा शीट हातात घेऊन, चष्मा कपाळावर, धावतच आले. "अमायी! अहो, हे पाहिलंत का? पान या घराण्याचं, फूल या घराण्याचं, आणि फळाला पंख पाच! चार हवेत, चार! हे काहीतरी वेगळंच आहे. मी चालत गेलो त्याच्या अंगावरून आणि मला कळलं नाही!" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बुधवारी टपालाने परदेशी पाठवतो, तिथल्या जाणकारांकडे. मिस म्सोसा, पुडी तुम्ही जपलीत म्हणून. दुसऱ्या कुणी फळ झाडून टाकलं असतं." दुसऱ्या कुणी, म्हणताना ते एनेलेसीकडे पाहत नव्हते, पण ती तिथेच होती. मुलगी लाजून हसली. एनेलेसीला त्या हसण्याच्या मागची सगळी वाट दिसली: परदेशातला तो माणूस फळ उलटं-सुलटं करील, महिन्याभरात पत्र येईल, दोन वनस्पतींची सरमिसळ आहे, बसवणारीचा हलगर्जीपणा, डॉक्टरांचं तोंड पडेल, आणि शेऱ्याचा कागद कुणी भरला, काय भरला, याने काही फरक पडणार नाही. तिला बोटही हलवावं लागणार नव्हतं. ही सोय तिला इतकी गोड वाटली की घरी न्सिमाच्या, मक्याच्या घट्ट उकडीच्या, वाफेवर तोंड धरून ती रडली, आणि का रडतेय हे तिने स्वतःला विचारलं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. एनेलेसी दुसऱ्या बाकावर, लाल रुमाल, पांढरा झगा. अबुसा उंच, सडपातळ, आवाज मात्र भाकरीसारखा जाड. एका आईची गोष्ट त्यांनी घेतली. सहा मुलं, एक हंडा, एक लाकडी पळी. आई पळी पाण्यात बुडवते, न्सिमाचा गोळा घडवते, ताटात ठेवते. "आणि पोरं काय करतात हो?" अबुसांनी विचारलं. "जेवतात!" मागून कुणी म्हणालं. "नाही जेवत!" अबुसा गरजले, आणि गाऊ लागले: "डोळे माझे भावाच्या ताटात, बोटं माझी थंड न्सिमात..." चर्च हसलं. एक म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे तर मासळीही मोजतात, अबुसा!" आणखी हसलं. एनेलेसी हसली नाही. ती गाण्याची वाट पाहत होती. अशा ठिकाणी अमायी नाचिसाले उठायच्या. त्या गेल्यापासून हे गाणं एनेलेसी उचलायची. तिचा आवाज तेवढा नव्हता, पण जागा तिची होती. तिने बाकाची पाठ धरली, गुडघे सरळ करायला लागली. तेवढ्यात मागून, अगदी मागच्या रांगेतून, ते आलं. 'माझ्या ताटात पाहा, प्रभू, माझ्या ताटात पाहा.' त्याच पट्टीत. 'पाहा'वर तोच लहानसा झोका, पाण्यात पळी बुडवल्यासारखा. सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या, कारण तो झोका नाचिसालेंचा होता. एनेलेसीने मान वळवली नाही; सोमवारी गुणगुणणारा आवाज तिने ओळखला होता. ती अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, तशीच अडकली. आणि तिच्या मनात आलं, एवढी वर्षं म्हणतोय आपण हे गाणं. पण हे मागणं तरी कसलं? माझ्या ताटात पाहा. म्हणजे दुसऱ्याच्या ताटात पाहू नकोस, असंच ना? देवालाही आपण एकट्याचा करून मागतोय. सगळं चर्च एका सुरात मागतंय, प्रत्येक जण एकट्यासाठी, आणि तो वर बसून काय करत असेल? त्या आईसारखा पळी बुडवत असेल. ती बसली. शेजारच्या बाईने तिचा हात दाबला. "आठवण आली ना नाचिसालेंची?" "हो," एनेलेसी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं, एवढंच.

सोमवारी ती बोलणार होती. सोमवारी डॉक्टर नव्हते. म्हणजे होते, पण बैठकीत होते. म्हणजे बैठक अकराला संपली होती. सत्त्याऐंशीचं शीट त्यांच्या टेबलावर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून तयार होतं, वर परदेशचा पत्ता. एनेलेसी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा पाण्याच्या नळाशी वळली. शेऱ्याचा कागद खणात कोराच होता.

मंगळवारी दुपारी मुलगी बाहेरून मांडासी घेऊन आली. गरम, तेलकट, तळलेल्या गोड पुऱ्यांसारख्या, कागदात बांधलेल्या. पुडा तिने एनेलेसीच्या टेबलाच्या कडेला ठेवला. "घ्या की अमायी. दर वेळी नाही म्हणता." एनेलेसी नाही म्हणायला वळली आणि थांबली. पुड्यावर पांढरा दोरा होता. दोऱ्याची गाठ वर दिसत नव्हती. तिने बोटाने चाचपलं. घडीच्या पोटाखाली, सावलीत.

"हे बांधायला तुला वेळ बराच मिळतो," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून धारदार निघाला.

"मी नाही बांधलं." मुलीने मांडासीचा मोठा तुकडा तोंडात घातला होता. "फाटकाजवळच्या अमायी नाम्वेरांनी. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या ना, तेव्हापासून त्या दोऱ्याने बांधतात. गाठ बघून मीपण पहिल्या दिवशी चाट पडले. म्हटलं, ही कुठून शिकलात? तर म्हणतात, 'पूर्वी इथे एक नाचिसाले म्हणून होत्या, त्यांनी.' म्हटलं, काय सांगता! मलाही त्यांनीच. आणि मग, अमायी," तिला हसू आवरेना, तिने हात तोंडावर धरला, "मग त्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणतात, 'पण कुणाला सांगू नकोस हं पोरी, नाचिसाले म्हणाल्या होत्या, हे मी फक्त तुला दाखवतेय.'"

एनेलेसीचं बोट अजून पुड्याच्या गाठीवर होतं.

"मलाही तेच म्हणाल्या होत्या! शब्दाला शब्द! कुजबुजून! मी कॉलेजला होते, त्यांच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहायचे. त्यांचे हात तर चालायचे नाहीत, सुई धरवायची नाही. गाऊन शिकवलं त्यांनी. त्या गायच्या, मी बांधायचे. आणि वाटायचं, अख्ख्या जगात आपण एकट्याच. काय बाई होती! किती जणींना फसवलंय कुणास ठाऊक." ती डोळे पुसत होती. "तुम्हाला नव्हत्या का म्हणाल्या तसं?"

"नाही," एनेलेसी म्हणाली. "मला तसलं काही नाही म्हणाल्या."

हे खोटं इतक्या सरळ निघालं की तिलाच नवल वाटलं. म्हणजे अजूनही ती ते एकोणतीस वर्षांचं कुजबुजणं मुठीत धरून होती. फाटकाशी तळणाऱ्या बाईच्या मुठीतही तेच होतं, हे कळूनसुद्धा.

मुलगी तेलाची बोटं कागदाला पुसत होती. हसू ओसरलं होतं. "शेवटी शेवटी त्यांना माणसं कळेनाशी झाली. मला त्या एनेलेसी म्हणायच्या."

"काय म्हणायच्या?"

"एनेलेसी. दारात उभी राहिले की, 'आलीस का गं, एनेलेसी?' पहिले दोन महिने मी सांगायचे, अगोगो, अहो आजी, मी तमा. मग सोडून दिलं. ओ द्यायचे आपली. वाईट वाटायचं हो. खरं सांगू? राग यायचा. म्हटलं, जेवण मी भरवते, पाय मी दाबते, आणि ही एनेलेसी कोण? कधी तोंड दाखवत नाही आणि नाव मात्र तिचं." ती थांबली. "इथे आले तर त्या तुम्ही. म्हणून कधी बोलले नाही."

धुक्यातून ऊन आत आलं होतं, टेबलावर एक पट्टा पडला होता. एनेलेसी त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. निळ्या दारात ती उभी आहे, उजेड पाठीमागे, आणि म्हातारी म्हणते आहे, तमा. निळ्या दारात ही उभी आहे, आणि म्हातारी म्हणते आहे, एनेलेसी. जी समोर असेल तिला नसलेलीच्या नावाने हाक. जी समोर असेल तिला वाटायचं, आपलं ताट रिकामं. दोन बाया, एका म्हातारीच्या ओठांवर एकमेकींची नावं, आणि दोघी अकरा वर्षं उपाशी.

ती उठली. गुडघा कडकडला. डॉक्टरांच्या खोलीत गेली, पुठ्ठ्यांची दोरी सोडली आणि शीट उचलून घेऊन आली. डॉक्टर मागोमाग आले, "अमायी, अहो, उद्याच्या टपालाचं आहे ते!" तिने पुडीची पहिली घडी उघडली. दुसरी. पाच पंखांचं फळ तिने चिमट्याने उचललं आणि एक्याण्णवच्या शीटवर, इतर फळांच्या शेजारी धरलं. पंखांच्या शिरा त्याच, तीच तांबूस कड. डॉक्टरांनी भिंग घेतलं. बराच वेळ ते वाकलेले होते. मान वर केली तेव्हा चष्मा कपाळावर होता, पण तोंड मोठ्या माणसाचं झालं होतं.

"हे इथलं तिथे कसं गेलं?"

मुलीचा चेहरा राखेसारखा झाला. "माझ्याकडून... मी फोनवर होते."

"चूक तिची, हयगय माझी," एनेलेसी म्हणाली. "पडताना मी पाहिलं."

त्या संग्रहात एक नियम आहे, छप्पर उडालं तेव्हाही पाळलेला. शीटवर लावलेली चिठ्ठी काढायची नाही. नाव चुकलं असेल तर शेजारी दुसरी चिठ्ठी लावायची, खाली आपलं नाव, तारीख. चूक आणि दुरुस्ती दोन्ही तिथेच राहतात, शंभर वर्षांनी येणाऱ्यालाही दिसतात. एनेलेसीने खणातून कोरी चिठ्ठी काढली. टोकदार पेन्सिल नको, शाई. तिने लिहिलं: पुडीतलं फळ या झुडपाचं नाही, क्रमांक ९१ चं आहे; पडताना पाहिलं, गुरुवार, १२ जून; सांगितलं, मंगळवार, १७ जून. खाली: एनेलेसी काफुम्बा.

डॉक्टरांनी वाचलं. "अमायी, दोन्ही तारखा लिहायची गरज नाही. आज आढळलं, एवढं पुरे."

"आज नाही आढळलं, अबवाना."

"पण हे कायमचं राहील."

"म्हणून तर."

डॉक्टर मग काहीतरी आठवून हसले, कडवटपणे नाही. "पाच पंख," ते म्हणाले, "बायकोलाही सांगून बसलो," आणि मान हलवत गेले. दाराशी थांबून म्हणाले, "शेरा उद्या द्या. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. दोघींबद्दल मलाच लिहावं लागेल बहुतेक."

मुलगी चिठ्ठी वाचत होती. दोनदा वाचली. एनेलेसीने पाहिलं, तिचे ओठ तारखांवर हलताहेत, बोटं मोजताहेत. गुरुवार, शुक्रवार. रविवारचं गाणं. मग तिने वर पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती. एनेलेसीने ती शोधलीही नाही.

"पाच दिवस," मुलगी म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला मांडासी देत होते."

"हो."

मुलीने गोंदाचा ब्रश उचलला. "द्या इकडे. चिकटवायचं काम माझं आहे." तिने चिठ्ठीच्या पाठीला गोंद लावला, शीटच्या कोपऱ्यात बसवली, वर स्वच्छ कागद ठेवला आणि पालथ्या हाताने दाबली. लागतं त्याहून जरा जास्तच वेळ दाबली. वर वाळूची पिशवी ठेवली. त्या संग्रहात एनेलेसीचं नाव पहिल्यांदा लागलं, ते असं.

मग दोघी आपापल्या टेबलांशी बसल्या. एनेलेसीने शेऱ्याचा कागद काढला आणि 'कायम करावी' असं लिहिलं, आणि खाली, कारण ते खरं होतं, 'एका वेळी एकच घडी उघडावी'. मुलगी तिच्याकडे पाठ करून एक देठ बांधत होती. रागाने बांधत होती, खांदे तसे होते. पण हात रागाने चालत नाहीत, हात सवयीने चालतात, आणि सवयीला चाल लागते. थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली. खालून ये, वळून ये. एनेलेसी खोकली नाही. देठाच्या सावलीत बस गं बाई. ओढ एकदा, सोड एकदा. इथे गाणं संपतं. एनेलेसीची मान गाण्याच्या शेवटाबरोबर खाली आली, आणि गाणं संपलं नाही. ते पुढे गेलं. आणखी एक ओळ, वरून उतरत येणारी, शेवटी घरी आलेल्या माणसासारखी टेकणारी. एनेलेसीने ती उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

ते सोमवारचं जळणं परत आलं. तसंच, तितकंच तिखट. काही कमी झालेलं नव्हतं. ही ओळ मला नाही दिलीत, अमायी. हिला दिलीत. तिने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि ते जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. ते गेलं नाही. तेव्हा ती त्याच्यासकट बोलली.

"मुली, ती शेवटची ओळ... तिचे शब्द काय आहेत गं?"

गुणगुणणं थांबलं. मुलगी वळली नाही. दोरा तिने दातांनी तोडला, गाठ नखाने सावलीत सारली, मग म्हणाली:

"सांगीन की, अमायी. पाच दिवसांनी."

एनेलेसीने बोटांवर मोजलं. रविवार येत होता.

"मागच्या रांगेत जागा असते का?" तिने विचारलं.

"लवकर आलात तर."